मोटरला अर्थ नव्हता

आधीच सांगते, अंगात आलेल्या बाईच्या तोंडावर तांब्याभर पाणी ओतणारी मी. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. तरी लिहिते आहे, कारण ऐकलंय ते ह्याच कानांनी...

नाशकात भद्रकालीला आमचं घर. खाली विजेवरची पिठाची गिरणी, वर मामंजींचा रेडिओ. गिरणी सुरू झाली की रेडिओ खरखरायचा आणि मामंजी वरून शिव्या घालायचे. गिरणीवर बसायची माझी धाकटी जाऊ, सुशीला. नांदगावची पोर, नुकतीच लग्न होऊन आलेली.

"जाऊबाई, मोटरच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येतात हो," ती म्हणायची.

सासूबाई म्हणायच्या, "कामाला बसवलं की बऱ्या येतात मुंग्या! जेवताना येत नाहीत त्या?"

एकदा वीजकंपनीचा माणूस तपासणीला आला. मोटरभोवती फिरून म्हणाला, "शेटजी, हिला अर्थ नाही. अर्थ दिल्याशिवाय मोटर चालवायची नाही."

मामंजींचं डोकंच फिरलं. "अर्थ द्या म्हणे! लेकाचा संस्कृतात लाच मागतोय!" त्याला पुढे बोलूच दिलं नाही, हाकलून लावला. मग पंगतीत तोच विनोद. "सूनबाई, आज आमटीला अर्थ नाही!" सगळे खो खो हसले. सुशीलासुद्धा हसली, बिचारी.

त्याच आठवड्यात, दिवेलागणीला, सासूबाईंनी फर्मावलं म्हणून ती चालू मोटरवरचं पीठ ओल्या फडक्याने पुसायला गेली... आणि चिकटली. ओरडताही येईना तिला. मी धावत जाऊन खटका पाडला. मोटर थांबली, ती कोसळली. ती गेलीच होती. तेवढ्यात वरून मामंजींचा आवाज आला, "वा! आता कसा स्वच्छ लागला!"

तेराव्यापर्यंत गिरणीला कुलूप होतं. तरी दिवेलागणीला रेडिओ खरखरू लागला. मामंजींनी तो बंद केला. खरखर चालूच. भिंतीतली पिन उपटली — तरीही! आणि त्या खरखरीतून सुशीलाचा आवाज आला, अगदी स्पष्ट... "मामंजी, मुंग्या येतायत हो..."

सासूबाई किंचाळल्या. मामंजींचा हात बटणावरून सुटेचना.

वायरमन आणला. रेडिओचं त्याला काही कळेना. "गिरणी बंद, पिन बाहेर, मग खरखर येईल कुठून?" मोटर बघून मात्र त्याने कपाळावर हात मारला. "हिला अर्थ कुठंय? अहो, अर्थ म्हणजे इंग्रजीत जमीन! पत्र्यापासून एक तार जमिनीत पुरायची, म्हणजे करंट माणसाला न धरता मातीत जातो."

एक तार! मामंजींनी स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली. मला त्यांची दया आली नाही, खोटं कशाला सांगू?

तार पुरली. वर्षाच्या आत दिराचं दुसरं लग्न लावून नवी सून गिरणीवर बसवलीसुद्धा. तिला मुंग्या येत नाहीत. रोज विचारते मी.

पण दिवेलागणीला रेडिओ अजून बोलतो, पिन बाहेर असताना. "मामंजी, दिलात का अर्थ?"

"दिला गं बाई, दिला!" मामंजी कानांवर हात ठेवून रडतात. ती पुन्हा विचारते.

हे कसं होतं ते आजवर कुणाला सांगता आलेलं नाही, मलाही नाही. मध्यंतरी मामंजी रेडिओ फोडायला उठले होते. मी आडवी आले. वाजू द्या, म्हटलं.