हात वर कर गो

"हात वर कर गो."

किन्हवलीच्या बाजारात काकींचं दिव्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईक आत शिरलं की आधी हात वर करायला लावायच्या. "आता सांग, घरात असा उभा राहिलास तर बोटांपासून छत किती वर रे?" भर दुकानात चार-पाच बाप्ये हात वर करून उभे. बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, झडती चाललीय! फुटांतलं माप काकींना चालायचं नाही. "फूट गवंड्याला सांग. दिव्याखाली माणूस राहतो."

डोळखांबकडच्या एका गुरुजींचं घर उंच, कौलारू. त्यांना दिवा थेट आढ्याला लावायचा होता. "गुरुजी, अभ्यास पोरं करनार का पाली?" काकींनी विचारलं, आणि लांब वायरीला टोपीचा दिवा बांधून दिला, पोरांच्या वह्यांपर्यंत खाली येणारा. गुरुजी हसत हसत घेऊन गेले.

मी गेले ती झुंबर घ्यायला. शेणव्याला आमचं नवं घर झालं होतं आणि मला बाई झुंबरच हवं होतं, लग्न होऊन आले तेव्हापासून! पण पावसाचं पाणी आत येतं म्हणून आमच्या ह्यांनी भराव टाकून लादी उंच घेतली. लादी वर आली, छत होतं तिथेच राहिलं. दुकानात हात वर केला तेव्हा मलाच ते कळलं, पण हट्ट सोडवेना.

"तुला पोरगा हाय ना गो?" काकी म्हणाल्या. "त्याच्या हळदीला मामा त्याला खांद्यावर घेऊन नाचल. डोकं फुटल ना त्याचं!"

"हळद मांडवात असते काकी, घरात नाय!" मी चिडलेच.

"आनि मांडव भिजला तं?"

शेवटी छताला चिकटून बसणारा चपटा गोल दिवा माझ्या गळ्यात मारला. घरी येईपर्यंत मी फणफणत होते. त्या दिव्याला मी भाकरी म्हणायचे. काकी तो बघायला मुद्दाम घरी आल्या, आमच्यात बसल्या, एकेकाकडे पाहिलं. "समद्यांची तोंडं दिसतात ना? झालं तं." अशा बाईवर राग टिकतो का हो? माझा तरी नाही टिकला.

गेल्या दिवाळीत काकी वारल्या. यंदा पोराची हळद निघाली आणि भर वैशाखात अवकाळी कोसळला. मांडव गळायला लागला, तशी बेंजोवाल्यांसकट सगळी मंडळी आमच्या घरात. माझ्या भावानं नवरदेवाला खांद्यावर उचललं. "अरे, डोकं सांभाळ!" मी ओरडले.

पोरगा नाचत होता. त्याची मान जेमतेम वाकली होती, आणि हळदीनं माखलेले दोन्ही तळवे त्यानं छताला टेकवले होते, भाकरीच्या शेजारी.

मला रडूच फुटलं. त्या गर्दीत मीही हात वर केला, दुकानात केला होता तसा, आणि म्हणाले, "काकी, मांडव भिजला."