तालमीतला नायटा

"खाली उतर," कुस्तीच्या निवडीच्या ट्रायलला वजनकाट्याजवळच्या डॉक्टरांनी सानिकाला सांगितलं. वजन बरोबर भरलं होतं. पण त्यांना तिच्या मानेवरचा लाल, गोल चट्टा दिसला. "नायटा आहे. हिला मॅटवर सोडता येणार नाही. समोरच्या मुलीला लागण होईल."

सानिका दहावीतली, शिरोळकडची. कोल्हापुरात आमच्या मुलींच्या तालमीत राहते. मी तिथं मालीश करते. सराव झाला की मुलींचे खांदे, पाठ, पोटऱ्या तेलानं चोळून मोकळ्या करायच्या. बोलायचं काम माझ्याकडं नाही, हातांवरच भागतं.

परत येताना ती रडायचं थांबेना. कोच मॅडम म्हणाल्या, "गप की आता. दिवाळीनंतर अजून एक ट्रायल हाय."

"ती शेवटचीच हाय, मॅडम. निवड झाली न्हाय तर पप्पा घरी न्यायला येणार हाईत."

नायटा म्हणजे कातडीवरची बुरशी. घामानं वाढते, अंगाला अंग लागलं की पसरते. आणि कुस्ती म्हणजे अंगाला अंग. तालमीत त्याला कुणी आजार समजतच नाही. तांबडी माती चोळा, जाईल, असं जुने पैलवान सांगतात. मुली मातीही चोळायच्या आणि वर मेडिकलमधून आणलेलं क्रीमही लावायच्या. चट्टा फिका पडायचा आणि पुन्हा कडेनं फुलायचा.

मग कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांनी ते क्रीम आधी कचऱ्यात टाकलं. "यानं खाज दबते, बुरशी नाही मरत. हे दुसरं लावा. चट्टा दिसेनासा झाला तरी मी सांगेपर्यंत थांबायचं नाही. टॉवेल वेगळा, कपडे गरम पाण्यात."

सगळं केलं. मान स्वच्छ झाली. सानिका आरशासमोरून हलेना. आणि एका सकाळी मालीश करताना मला तिच्या दंडावर नवा चट्टा दिसला.

पुन्हा दवाखाना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिला कुणाकडून तरी परत लागतोय. तालमीत अजून कुणाला आहे?"

"सगळ्या पोरींना बघितलंय मी. कुणाला न्हाय," मॅडम म्हणाल्या.

"आणि तुम्हाला?"

"मला काय हुतंय? सगळा जन्म मातीत गेलाय माझा!"

मॅडमांचीही मालीश मीच करते. आमच्या कामात एकीच्या अंगाची गोष्ट दुसरीजवळ काढायची नसते. पण रोज सानिकाला कवेत घेऊन डाव शिकवतात त्या मॅडमच. मी पुटपुटले.

"काय म्हणालात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मॅडमांच्या कमरेला हाय! तळहाताएवढा!"

हे इतक्या मोठ्यानं गेलं की बाहेर बाकावर बसलेल्या बाया दारातून डोकावल्या.

मॅडम माझ्याकडं वळल्या. "मावशी, कधी तोंड उघडत न्हाईस, आणि उघडलंस ते ह्यासाठी?"

सानिका तोंडावर ओढणी धरून हसत होती. मॅडम पडद्यामागं गेल्या. आतून आवाज आला, "जरा खाजतंय, त्यात काय एवढं?"

डॉक्टरीणबाई बाहेर येऊन मला म्हणाल्या, "आणि मावशी, तेच हात, तेच तेल सगळ्यांना?" मी हात पदराखाली घेतले. सगळ्यांचे चट्टे जाईपर्यंत मालीश बंद झाली.

तालमीत सगळ्यांनाच तपासलं आणि सानिका, मॅडम, शिवाय ज्या पोरींचे लपवलेले चट्टे निघाले त्या, सगळ्यांना एकदमच औषध सुरू झालं. मॅडम कडेला उभ्या राहून डाव ओरडून सांगायच्या. "अगं पाय बघ, पाय! हात बांधल्यागत झालंय मला!"

ट्रायलच्या दिवशी तपासणाऱ्या डॉक्टरांनी सानिकाची मान बघितली, दंड, कानामागं, कंबर.

"ठीक आहे. जा पुढं."

मी एवढ्या जोरात टाळ्या वाजवल्या की शेजारच्या पावण्यांना वाटलं कुस्ती झालीसुद्धा!

शेवटच्या कुस्तीत ती मागं पडली होती. मॅडम घसा फोडून ओरडल्या, "पट काढ!" पट म्हणजे समोरचीच्या पायात शिरून तिला उचलणं. सानिका वाकली, आत घुसली आणि समोरची दणकट पोर पाठीवर आपटली. निवड झाली! मॅडमांनी तिला खांद्यावर घेतलं. फोनवर तिचे पप्पा एवढंच म्हणाले, "ऱ्हा मग तिथंच."

शिकायचं ते एवढंच. घरात नायटा आला तर सगळ्यांना बघावं, घरातल्या मोठ्या माणसाला आधी. लाजेनं तो जात नाही.