बांधावरची खापरं
कोपऱ्यावरच्या प्लॉटवर आज पायासाठी चुन्याच्या रेघा मारत होते. तो वास नाकात गेला आणि मला आमचं पिंप्राळ्यापुढचं वावर आठवलं. ते कॉलनीसाठी द्यायचं घरात ठरलं होतं. एकटे आबा, माझे थोरले काका, नको म्हणत होते. पण आपण आडवे येणार नाही, असा शब्द त्यांनी दिला होता. मग माती तपासणारे आले, सोबत जुन्या वस्तीच्या खुणा शोधणाऱ्या एक बाई. तसलं काही सापडलं असतं तर सौदा अडकला असता. मे महिन्याच्या उन्हात दिवसभर खड्डे खणले, निघाली नुसती काळी माती. माझं काम बाईंवर छत्री धरायचं, तेवढ्यानेच मी गळून गेलो. चारच्या सुमारास त्यांनी मला विचारलं, "काका, नांगरताना कधी जुनी खापरं निघायची का हो?" निघायची की! ती वेचून बांधावर फेकता फेकता लहानपणी माझी कंबर मोडली होती. मी म्हणालो, "छे, कुठली!" आबा सकाळपासून त्याच बांधावर, बाभळीखाली बसले होते. ते उठले, रुमालाने जागा झटकली आणि म्हणाले, "ताई, आठे बसा, सावली शे." बाई वळल्यासुद्धा. पण मी म्हणालो, "आबा, त्यांना उशीर होतोय," आणि त्यांची पिशवी उचलून थेट जीपकडे निघालो. दिवसभरात दाखवलेली चपळाई तेवढीच. आता त्याच कॉलनीत माझं घर आहे. आबा येतात, चहा पितात, घराचं कौतुकही करतात. एकदा त्यांनी मला चांगलं झापावं म्हणजे मी सुटेन, याची वाट बघून बघून मी थकलोय.