पॉवर सप्लायचं लाल बटण

जळक्या वायरीचा वास आला की लासुर्ण्यातली ती दुपार आठवते. मी पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणारा माणूस, शाळा चौथीपर्यंत. लेक गेम खेळायला स्वतः कॉम्प्युटर जोडत होती. बाकी सगळं तिनं निवडलं, पण पॉवर सप्लाय, म्हणजे कॉम्प्युटरला वीज देणारा डबा, मीच निवडणार म्हणून हटून बसलो आणि बारामतीच्या दुकानात हातानं तोलून सगळ्यात जड तो उचलला. त्याच्या पाठीला लाल बटण होतं. एका बाजूला दोनशे तीस व्होल्ट, दुसऱ्या बाजूला एकशे पंधरा. उसाला पाणी द्यायच्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज पडायचं, दोनशे तीस आमच्याकडं कधीच नसायचं, म्हणून मी बटण एकशे पंधराकडं सरकवलं. ती ओरडली, "आबा, नका!" मी म्हणालो, "करंट मला शिकवतीयास व्हय?" आणि कळ दाबली. फाडकन आवाज झाला, धूर निघाला. दुसऱ्या दिवशी जळका सप्लाय घेऊन दोघं दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, "बटण कुणी सरकवलं?" ती पटकन म्हणाली, "माझ्याकडनं सरकलं." मी म्हणालो, "खोटं बोलतीया. म्या सरकवलं." नवा सप्लाय तिनं निवडला, मी पिशवी धरली. आजही ती काही जोडायला बसली की मी लांबच उभा राहतो. हात मात्र शिवशिवतात.