दादाला एकटं कसं सोडायचं?

दिल्लीत नोकरीसाठी येताना सामान थोडंच असतं, पण किस्से साठत जातात. माझ्याकडचे निम्मे माहेरचे आहेत, आणि त्यातले बहुतेक दादाचे!

माझी सुमनवहिनी, म्हणजे दादाची बायको, गावात चौघींचा बचत गट चालवते. शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा. यंदा जानेवारीत त्यांना इथल्या मेळाव्यात स्टॉल मिळाला. दादाने बजावलं, "कायमची ऑर्डर मिळाली तर ठीक, नाहीतर गट बंद!" वर गटात नसलेला दादाही सोबत निघाला. म्हणे, "बायकांना एकटं कसं सोडायचं?"

*

स्टेशनवरून चौघी मुनिरक्याला माझ्या घरी सुखरूप पोचल्या. दादा मेट्रोत उलट्या दिशेला गेला! गटातल्या रुक्सानाभाभी त्याला शोधून घेऊन आल्या. दारातच दादा म्हणाला, "या एकट्याच फिरत होत्या, म्हणून सोबत आलो."

*

स्टॉलवर गल्ल्याजवळची खुर्ची अर्थात दादाची. एका गिऱ्हाइकाने ठेच्याकडे बोट दाखवून विचारलं, "भैया, तीखा है क्या?"

"बिल्कुल नहीं!" दादा अगदी प्रामाणिकपणे म्हणाला.

गिऱ्हाइकाच्या डोळ्यांतून धारा लागल्या. वहिनीने घाईघाईने गुळाचा खडा पुढे केला. तेव्हापासून ठेच्याशेजारी गुळाची वाटी कायमची आली.

*

मग आली संक्रांत. वहिनीने स्टॉलवरच हळदीकुंकू मांडलं. येईल त्या बाईला तिळगूळ, आणि वाण म्हणून चटणीचं पाकीट! दिल्लीच्या बायकांना वाण म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण फुकट म्हणजे काय ते लगेच कळलं. ही रांग लागली! दादा कपाळावर हात मारून म्हणाला, "अगं, धंदा आहे की सणवार?"

मलाही वाटलं, आता ऑर्डर कसली मिळते. खरंच वाईट वाटलं.

*

शेवटच्या दिवशी त्याच रांगेतल्या एक बाई परत आल्या. गुडगावला त्यांचं दुकान होतं. वाणातली चटणी घरात एका जेवणात संपली होती.

"हर महीने भेजोगे?" त्यांनी विचारलं.

"हो जाएगा," दादा म्हणाला.

"लहसुन भूनते हो या कच्चा?"

दादाने वहिनीकडे पाहिलं.

"भूनके," वहिनी म्हणाली. बाईंनी आपली खुर्ची वहिनीकडे वळवली. भाव, वजन, पाठवायची सोय, सगळं तिच्याशीच बोलून ऑर्डर पक्की केली. माझा जीव भांड्यात पडला.

उठता उठता बाईंनी दादाकडे पाहिलं. "और ये भाईसाहब ग्रुप में क्या करते हैं?"

वहिनीने पदर सारखा केला.

"कुछ नहीं मॅडम. पर इनको घर पे अकेला कैसे छोडते?"