मॅच हरल्यावर केलेलं पिठलं

शनिवारी माझा मुलगा माझा नसतो. ऑगस्ट संपता संपता इथे अमेरिकेत कॉलेजचा फुटबॉल सुरू होतो. तेव्हापासून कडक थंडी पडेपर्यंत दर शनिवारी तो आपल्या कॉलेजचा जुना स्वेटशर्ट घालतो आणि मागच्या गल्लीतल्या म्हातारीकडे मॅच बघायला जातो. आमच्या घरात भिंतीएवढा टीव्ही आहे. तरी तिच्याकडेच जातो.

म्हातारी गोरी आहे. वय माझ्याएवढंच, पण पँट घालते, स्वतः गाडी चालवते. मुलगा नागपूरहून न्यू जर्सीत शिकायला आला तेव्हा तिच्या तळघरातल्या खोलीत भाड्याने राहत होता. हा खेळ तिनेच त्याला शिकवला. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, आणि घर घेतलं ते तिच्या घराच्या मागे. तो तिला सरळ नावाने हाक मारतो. मी एकदा म्हटलं, "निदान मावशी तरी म्हण."

"आई, इथे तसं म्हटलं तर तिला राग येईल."

मला कशाचा राग येतो ते त्याने कधी विचारलेलं नाही.

मी नागपूरचं घर बंद करून कायमची इथे आले ती मुलाजवळ राहायला. सोमवार ते शुक्रवार तो कानात काहीतरी घालून मीटिंगमध्ये असतो. रविवार किराणा आणि कपडे धुण्यात जातो. उरला शनिवार, तो तिचा. मला तेवढा शनिवार हवा होता. दुसरं काही मी मागितलं नव्हतं.

गेल्या नोव्हेंबरात एका शनिवारी सून टीव्हीसमोर कपड्यांच्या घड्या घालत होती. मॅच लावलेली होती. मी चौथीपर्यंत शिकलेली. ह्या खेळातलं मला एवढंच कळतं की शेवटी दोन उंच खांब असतात आणि त्यांच्यामधून चेंडू मारायचा असतो. एकाने मारला. तो खांबाला लागला आणि बाहेर पडला.

"संपलं," सून म्हणाली. "दोन पॉइंटनी हरले. हा बॉल आत गेला असता तर जिंकले असते. आता तुमच्या मुलाशी आज बोलू नका."

"का? कोणी मेलं का?"

"मेल्यासारखंच. दर वर्षी असंच."

थोड्या वेळाने तो चालत आला, पण घरात आला नाही. बाहेरच्या पायरीवर डोकं धरून बसला. मी दार उघडलं.

"आत ये. गार आहे."

"आई, प्लीज. थोडा वेळ बसू दे."

"चहा करू?"

"नको."

मी दार लावलं. तेवढ्यात म्हातारी आली. त्याची टोपी तिच्याकडे राहिली होती, ती हातात घेऊन. तिला त्याने जा म्हटलं नाही. ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली, नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या मुलाने बाहीने डोळे पुसले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं पाहिलं. ह्याचा बाप गेला तेव्हा फोनवर हा रडला नव्हता. "आई, तू जेवून घे," एवढंच म्हणाला होता. आणि इथे एका चेंडूसाठी परक्या बाईसमोर रडत होता.

मी कढई गॅसवर ठेवली.

आमच्याकडे ज्या घरात मयत होतं तिथे चूल पेटवत नाहीत. शेजारी पिठलं-भाकरी आणून देतात. मुलाला हे माहीत आहे. माहीत आहे म्हणूनच मी बेसन कालवलं.

"आई, आज डोसे ठरले होते ना?" सून म्हणाली.

"दुःखाच्या घरी कोणी डोसे खातं का?"

तिच्या लक्षात आलं. आधी हसली, मग म्हणाली, "नका ना. तो चिडेल."

"चिडू दे. चिडला तर माझ्याशी बोलेल तरी."

ज्वारीच्या भाकरी थापल्या. ताटात पिठलं-भाकरी वाढून वर दुसरं ताट झाकलं आणि बाहेर नेऊन दोघांच्या मधे ठेवलं.

"घ्या. सुतकाचं जेवण."

मुलाने झाकण उचललं. चिडला नाही.

"बाबा गेले तेव्हा मला हे कोणी दिलं नव्हतं," म्हणाला.

तेव्हा तो हिच्या तळघरातच होता. व्हिसाच्या भानगडीत त्याला येता आलं नाही. मी तिकडे शेजाऱ्यांनी आणलेलं गिळत होते.

"मग काय खाल्लंस?"

त्याने म्हातारीकडे मान वळवली. "हिने सूप केलं होतं. रोज खोलीच्या दाराशी ठेवून जायची. फोनवर तुझ्यासमोर रडलो नाही, कारण तू तिकडे एकटी होतीस. नंतर हिच्या सोफ्यावर रडलो."

आईला वाईट वाटायला हवं होतं. मला त्या सुपाचा राग आला. सोफ्याचाही.

म्हातारीने विचारलं नाही, सवरलं नाही, भाकरी मोडून खायला लागली होती. मुलाने तिला इंग्रजीत समजावलं. फ्युनरल हा शब्द मला कळतो. तिचा हात थांबला. तिने माझ्याकडे नीट पाहिलं, आणि तोंडात घास असतानाच हसायला लागली. काहीतरी बोलली.

"काय म्हणते?"

"म्हणते, आमच्या टीमसाठी हेच योग्य आहे. पुढच्या शनिवारीही लागेल, तर करून आण. आणि तूही बघायला ये."

"मी काय करू तिथे? मला नाही यायचं."

पुढच्या शनिवारी मी गेले. पिठलं नेलं नाही, वांग्याची भाजी नेली. टीव्हीसमोर तो सोफा होता, खाकी रंगाचा, मधे खचलेला. मुलगा एका टोकाला बसला, म्हातारी दुसऱ्या टोकाला. कोपऱ्यात खुर्ची रिकामी होती, तिने मला ती दाखवली. मी खुर्चीकडे गेले नाही. दोघांच्या मधे बसले.

अजून दर शनिवारी जाते. खेळ कळत नाही. हरले की मुलगा डोकं धरतो. म्हातारीला त्याच्या पाठीवर हात ठेवायचा असतो, पण मधे मी असते. तिचा हात पोचत नाही. माझा पोचतो.