पातळीकाकांची शिफारस

पुस्तकाविषयी सांगताना पातळीकाका समोरच्याचं मनगट धरायचे. घट्ट. माणूस बाजाराची पिशवी घेऊन निघालेला असो की बस पकडायच्या घाईत असो, त्यांचं सांगून होईपर्यंत सुटका नसे. भातसानगरच्या कॉलनीत नव्याने बदलून आलेली माणसं सुरुवातीला दचकत, नंतर त्यांनाही सवय होई. माझे वडील त्या कॉलनीत कारकून होते. मी सातवीत असताना माझं मनगट पहिल्यांदा काकांच्या हातात सापडलं, ते मुंग्यांवरच्या एका पुस्तकासाठी. मुंग्या आपल्यातल्या मेलेल्यांना वारुळाबाहेर नेऊन ठेवतात, हे त्यांनी मला पाण्याच्या टाकीखाली उभं करून सांगितलं. "खोटं वाटतंय ना? मग वाच," म्हणाले आणि पुस्तक माझ्या हातात ठेवून निघून गेले.

ते मूळचे टोकावड्याचे. धरणावर त्यांचं काम एवढंच, की रोज सकाळी भिंतीलगतच्या पट्टीवर पाण्याची पातळी बघायची, वहीत लिहायची आणि वरच्या कार्यालयाला फोनवर कळवायची. त्यावरून हे नाव पडलं आणि खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं. वरच्या रस्त्यावरूनही पट्टी दिसत असे. काकांच्या आधीचे लोक तिथूनच आकडा वाचत. काका मात्र पावसाळ्यातसुद्धा ओल्या पायऱ्या उतरून खाली जात. कुणी टोकलं तर म्हणत, "वरून बघितलं की पाणी जास्त दिसतं."

कॉलनीतली क्लबची खोली बंद पडली होती. कॅरम मोडला होता, पत्ते खेळणारे निवृत्त होऊन गेले होते. काकांनी किल्ली मागून घेतली, दोन कपाटं मिळवली आणि रविवारी सकाळी दहा वाजता माणसं बोलवायला सुरुवात केली. ज्याने जे वाचलं असेल ते त्याने उभं राहून इतरांना सांगायचं, अशी ती बैठक. नियम एकच होता. 'छान आहे', 'वाचण्यासारखं आहे' असं म्हणायचं नाही. कुठल्या पानाशी आपण थांबलो आणि का थांबलो, ते सांगायचं.

त्या खोलीत मी काय काय ऐकलं! जीपचे ड्रायव्हर जुन्या नकाशांवरच्या पुस्तकाविषयी असे बोलले, की पुढचे चार महिने ते पुस्तक कपाटात परतलंच नाही. दवाखान्यातल्या सिस्टरनी महारोगाच्या इतिहासावरचं पुस्तक सांगितलं आणि सांगता सांगता खाली बसल्या, पुढे बोलवेना. कुणी मधमाश्यांवरचं सांगे, कुणी पूल कसे बांधतात त्यावरचं. बागेत रोजंदारीवर येणारी जनीबाई दाराशी बसून ऐकायची. तिला अक्षर येत नव्हतं. सापांवरचं एक पुस्तक तिने तिथे पूर्ण ऐकलं. चार रविवार लागले. पाचव्या रविवारी काकांनी तिलाच उभं केलं. ती म्हणाली, "मना वाचता येत नाय." काका म्हणाले, "तू कान देऊन ऐकलंस. ते वाचल्यासारखंच. सांग." जनीबाईने पदर सावरला आणि साप चावल्यावर मंत्र घालणाऱ्या भगताकडे न जाता सरळ शहापूरच्या दवाखान्यात का जायचं, हे आमच्यातल्या कुठल्याही शिकलेल्यापेक्षा नीट सांगितलं. तिने ते आपल्या वाडीतही सांगितलं असणार. कारण पुढच्या पावसाळ्यात तिच्या वाडीची माणसं चावलेल्या एका बाईला झोळीत घालून रस्त्यापर्यंत घेऊन आली आणि ती बाई वाचली.

मी अकरावीत असताना एका रविवारी ताऱ्यांवरचं एक जाडजूड पुस्तक सांगायला उभी राहिले. पहिली दोन प्रकरणं वाचली होती, बाकीचं अनुक्रमणिकेवरून रचलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. काकांनी काही विचारलं नाही. सगळे गेल्यावर खुर्च्या लावता लावता ते मला म्हणाले, "पुढच्या प्रकरणात लेखक स्वतःच म्हणतो, की आधीचं चुकलं होतं." एवढंच. रागावले नाहीत, पण मी घरी जाऊन रडले. पुढचा महिनाभर मी त्या पुस्तकाखेरीज दुसरं काही हातात धरलं नाही.

आता सांगायचं ते अवघड आहे.

धरणाच्या दुरुस्ती विभागात किन्हवलीचे एक फिटर होते. सगळे त्यांना तात्या म्हणत. मधुमेह जुना, रोज इन्शुलिनचं इंजेक्शन घ्यावं लागे. रविवारच्या बैठकीला ते नेमाने येत, पण वाचत कमी. काकांनी सांगितलेलं मात्र एक ना एक घरी नेत. अशाच एका रविवारी काका आहारावरचं नवीन पुस्तक घेऊन आले. दोन दिवसांपूर्वी हातात पडलं होतं आणि त्यांना धीर धरवला नव्हता. असे रंगलेले मी त्यांना क्वचितच पाहिले. शरीराला नीट अन्न दिलं तर ते आपलं आपण बरं होतं, अशा अर्थाचं एक वाक्य त्यांनी दोनदा वाचून दाखवलं. तात्यांनी ते पुस्तक त्याच दिवशी घरी नेलं.

दोन-तीन महिन्यांनी तात्या कामावर यायचे थांबले. पायाला जखम झाली होती, भरत नव्हती. तात्यांनी इंजेक्शन कधीच सोडून दिलं होतं आणि घरात कुणाला सांगितलंही नव्हतं. शहापूरहून त्यांना ठाण्याला नेलं. तिथे उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

काका भेटायला गेले तेव्हा वडिलांबरोबर मीही होते. तात्यांची बायको, सुमनकाकू, वॉर्डाच्या दारातच उभ्या होत्या. त्यांनी आवाज चढवला नाही. पिशवीतून ते पुस्तक काढून काकांच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "तुमच्या शब्दावर ते चालत होते. आता चालणार नायत. जा तुमी." काका तिथूनच परत फिरले. बसमध्ये खिडकीशी बसून त्यांनी ते पुस्तक उघडलं आणि शेवटाकडून वाचायला लागले. शहापूर मागे पडलं असेल, तेव्हा त्यांनी ते मिटलं. चेहरा असा झाला होता, की वडिलांनी त्यांना पाणी दिलं.

पुढच्या रविवारी खोली भरली होती. काका उभे राहिले. हातात तेच पुस्तक. त्यांनी सांगितलं, की त्या दिवशी हे पुस्तक सुचवताना त्यांची शेवटची साठ पानं वाचायची राहिली होती. त्या पानांत लेखकाने स्पष्ट लिहिलं आहे, की इंजेक्शनवर असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही बंद करू नये. "मी तुम्हाला अर्धं पुस्तक दिलं," काका म्हणाले, "आणि पूर्ण दिल्यासारखं बोललो." मग त्यांनी खोलीची किल्ली माझ्या वडिलांकडे दिली आणि ते बाहेर पडले.

कुणी म्हणालं, ते पुस्तक जाळून टाका. काकांनी ऐकलं नाही. त्याच्या पहिल्या पानावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात घडलेलं सगळं लिहून चिकटवलं. तात्यांचं नाव तेवढं लिहिलं नाही, स्वतःचं लिहिलं. खोली सात-आठ महिने बंद राहिली. त्या काळात त्यांनी कुणाचं मनगट धरलेलं मी पाहिलं नाही. रस्त्यात भेटले तर अभ्यासाचं विचारत आणि पुढे जात. मी एकदा धीर करून म्हटलं, की काका, काहीतरी सांगा ना वाचायला. ते म्हणाले, "शहापूरच्या वाचनालयात जा. तिथे खूप आहेत."

रविवारी मात्र ते घरी नसत. शहापूरला जाऊन किन्हवलीची बस धरत आणि तात्यांच्या घरी जात. पहिले काही रविवार सुमनकाकूंनी दार उघडलं नाही. काका ओट्यावर तासभर बसत आणि परत येत. पुढे त्यांनी काही न विचारता कामं करायला सुरुवात केली. पेन्शनचे कागद घेऊन कचेरीत खेपा घातल्या, कृत्रिम पाय बसवायला तात्यांना दोनदा ठाण्याला नेऊन आणलं. हे सगळं मला नंतर सुमनकाकूंनीच सांगितलं. "मी त्यांना च्या द्यायला लागले ते आठव्या का नवव्या वेळेला," त्या म्हणाल्या. "माणूस येतोच म्हटल्यावर किती दिवस दार लावायचं?"

तात्यांना बसून करता येईल असं काम हवं होतं. त्यांनी भाच्याला शहापूरच्या वाचनालयात पाठवून आंब्याची कलमं बांधण्यावरचं पुस्तक मागवलं. काकांना विचारलं नाही. एका पावसाळ्यात त्यांच्या दारात कलमांच्या चाळीस-पन्नास पिशव्या दिसायला लागल्या. आणि त्या हिवाळ्यात एका रविवारी, कुबडी टेकत, तात्या भातसानगरच्या फाट्यावर बसमधून उतरले. वडिलांना म्हणाले, खोली उघडा.

माणसं जमवायला अर्धा तास लागला. काका मागे, दाराशी उभे राहिले. तात्यांनी पुस्तक वर धरलं आणि कलमासाठी काडी कशी निवडायची, पट्टी किती घट्ट बांधायची, हे हाताने करून दाखवलं. मग म्हणाले, "चौथ्या प्रकरणात माती सांगितलेय, ती आपल्याकडची नाय. ती ऐकून माझी पंधरा कलमं मेली. तेवढं सोडा. बाकीचं वाचा." आणि पुस्तक घेऊन ते कुबडी टेकत दारापर्यंत गेले. काकांसमोर धरलं. "काका, हे तुमच्यासाठी. सगळं वाचा."

काकांनी ते दोन्ही हातांनी घेतलं.

बैठक पुन्हा सुरू झाली. आता प्रत्येकाने, जे पटलं नाही तेही सांगायचं, असा दुसरा नियम आपोआप पडला. काका पुन्हा पुस्तकं सुचवायला लागले, पण आवाज खाली आला होता. एखादं फार आवडलं, की मध्येच थांबत, घोटभर पाणी पीत आणि मग पुढे बोलत.

निवृत्तीनंतर ते मुरबाडला मुलीकडे राहायला आले. मीही तोवर मुरबाडच्या एका शाळेत शिकवायला लागले होते, त्यामुळे भेट होत राहिली. भातसानगरची निम्मी घरं रिकामी पडली, क्लबच्या खोलीला कायमचं कुलूप लागलं आणि ती दोन कपाटं माझ्या शाळेत आली. मागच्या वर्षी काकांच्या फुप्फुसाचं दुखणं बळावलं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, तेव्हा मी तात्यांना फोन केला.

तात्या दुसऱ्याच दिवशी दुपारी आले. काका उशांना टेकून बसले होते. दोन वाक्यं बोलली की दम लागत होता. तात्यांनी खुर्ची पलंगाला भिडवली, कृत्रिम पाय नीट लावून घेतला आणि बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिले. पाऊस, कलमं, भाच्याचं लग्न. मग मान खाली घालून म्हणाले, "काका, एक सांगायचं राहिलंय. ते पुस्तक नेण्याआधीच मी इंजेक्शन सोडलं होतं. रोज टोचून घ्यायचा कंटाळा आला होता. घरात विचारलं तेव्हा पुस्तकाचं नाव पुढं केलं. पुस्तकानं नाय झालं ते."

मी तात्यांकडे बघितलं. खरं होतं की मरणाऱ्या माणसाला दिलेलं काहीतरी होतं, मला आजही ठरवता येत नाही. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

काकांनी डोळे मिटले. झोपले असं वाटलं. थोड्या वेळाने म्हणाले, "तुमी इंजेक्शन सोडलंत ते तुमचं, तात्या." दम घेतला. "शेवटची पानं मी वाचली नव्हती. ते माझं. ते तुमी नका नेऊ."

तात्या काकांच्या पांघरुणाचं टोक हातात धरून बसून राहिले. काकांची मुलगी चहा घेऊन आली, तो निवून गेला.

मी तात्यांना स्टँडवर सोडायला गेले. बस लागायला वेळ होता. बाकड्यावर बसल्यावर तात्या म्हणाले, "त्यांना सोडवायला आलो होतो गो मी." खिशातून तिकिटाचे पैसे काढून मोजले. "नाय सुटले."

दोन आठवड्यांनी काका गेले. टोकावड्याला, त्यांच्या गावच्या ओढ्याकाठी अग्नी दिला. भातसानगरची होती नव्हती तेवढी माणसं आली. जीपचे ड्रायव्हर आले, सिस्टर आल्या. जनीबाई त्या वेळी वीटभट्टीवर कामाला गेली होती, तिला कळवता आलं नाही. सुमनकाकू काकांच्या मुलीजवळ बसून होत्या. बसायला दगड होता, कुणी खुर्चीही आणून दिली, पण तात्या चिता विझेपर्यंत कुबडीवर उभे होते. त्या दिवशी आमच्यापैकी कुणीही कुठल्या पुस्तकाचं नाव काढलं नाही.